तोट्याची मर्यादा

भांडवलशाही हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे गिरणीचे धुराडे उभे राहते. ही व्यवस्था यंत्रांनी घडविली, असे आम्ही शाळामास्तर पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आलो. परंतु वाफेच्या यंत्राइतकेच सामर्थ्य एका कायदेशीर योजनेतही होते. ती योजना म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी. तिचे कार्य पाहण्यास मँचेस्टरला जाण्याचे कारण नाही. जळगाव, धुळे व अमळनेर एवढा मुलूख पुरे आहे.

खानदेशात कापूस पूर्वापार पिकतो व त्यास लागणारा पैसा पूर्वापार सावकार पुरवीत असे. कुळाची जमीन, बैलजोडी, स्वभाव, सारे त्यास ठाऊक असे. दामदुपटीचा जुना लगाम त्यास होता: व्याजाची थकबाकी मुद्दलाहून अधिक मागता येत नसे. पण ऋणकोच्या जबाबदारीला सीमा नव्हती. मुंबई इलाख्यात बापाचे ऋण मुलाने फेडावे, मग वारशात काही मिळो वा न मिळो, असाच न्याय चाले. १८६६ च्या कायद्याने वारसाची जबाबदारी त्यास मिळालेल्या मिळकतीपुरती ठरविली.

आता दुसरी तारीख पाहा. हिंदुस्थानातील कंपन्यांच्या भागधारकांना आपली जबाबदारी मर्यादित करण्याची मुभा मिळाली ती १८५७ साली, म्हणजे नऊ वर्षे आधी! ज्याने शंभर रुपयांचा शेअर घेऊन पैसे पुरते भरले, त्याचे फार तर ते शंभर रुपये बुडावेत. कंपनी लाखांनी बुडाली तरी त्याच्या घरच्या भांड्यांना कोणी हात लावू नये, असा तिचा अर्थ. त्यामुळेच अनोळखी माणसांचा पैसा एकत्र येऊ लागला. पूर्वी भागीदारी करावयाची ती भावाशी, मेहुण्याशी किंवा जातभाईशी; कारण एकाची चूक सर्वांच्या मुळावर येई. आता ओळखीची गरजच उरली नाही.

आगगाडीच्या भागधारकांचे भाग्य तर याहून थोर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे भांडवल विलायतेत उभे राहिले, ते सरकारने दिलेल्या शेकडा ५ टक्के व्याजाच्या हमीवर. १८६० नंतरच्या दशकात ती गाडी खानदेशातून भुसावळास पोहोचली. नफा न झाल्यास व्याज भरावयाचे ते हिंदुस्थानच्या महसुलातून, आणि त्या महसुलात मोठा वाटा शेतसाऱ्याचा. म्हणजे एकाच कापसाच्या वाटेवर तीन माणसे उभी होती: एकास तोटा होऊच नये अशी हमी, दुसऱ्याच्या तोट्याला मर्यादा, आणि तिसरा, जो तो कापूस पिकवी, त्याला हमी नाही आणि मर्यादाही नाही.

अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव चढले, मुंबईत शेअरांचे वेड पसरले आणि युद्ध संपताच दोन्ही कोसळले. भाव उतरला तरी शेतकऱ्याचे कर्ज उतरले नाही. १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांपुरता होता. खानदेश बाहेरच राहिला.

त्याच दशकात मुळजी जेठा यांनी जळगावास गिरणी उभारली. पुढे अमळनेरास प्रतापशेठांची गिरणी झाली. धुळ्यासही गिरणीचा भोंगा वाजू लागला. या काळातील व्यवस्थापक-पेढ्यांविषयी एवढेच सांगतो की, पुष्कळ ठिकाणी त्यांचे कमिशन नफ्यावर नसून मालाच्या वजनावर असे. भागधारकास लाभांश न मिळाला तरी पेढीस तूट नाही! ही पद्धत १९७० साली कायद्याने बंद झाली.

कंपनीचा खरा चमत्कार मात्र अमळनेरात दिसतो. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी तेथे वनस्पती तुपासाठी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्‌स’ ही कंपनी नोंदविली. गावातील अनेकांनी तिचे शेअर घेतले. १९६६ साली प्रेमजी वारले, तेव्हा चिरंजीव अझीम अवघे एकवीस वर्षांचे होते. साधी पेढी असती तर वाटणीतच विरली असती. कंपनीस मरण नसते. तीच पुढे ‘विप्रो’ होऊन संगणकाच्या धंद्यात शिरली आणि २००० साली न्यूयॉर्कच्या बाजारात तिची नोंद झाली. ज्यांनी ट्रंकेतला कागद विकला नाही त्यांची घरे उजळली. कारखान्यासाठी तेलबिया पिकविणाऱ्यास मात्र त्या त्या हंगामाचा भाव तेवढा मिळाला. त्याचा हिशेब बाजारातच मिटला.

कर्जाच्या बाबतीतही हाच भेद दिसतो. जळगावच्या जैन इरिगेशनची देणी २०१९ मध्ये थकली. धनकोंनी बसून कर्जाची पुनर्रचना केली व ती २०२२ मध्ये पूर्ण झाली. यात गैर काही नाही. चालता कारखाना मोडून कोणाचेच हित नव्हते. शेतकऱ्यांसाठी २०१७ व २०१९ साली कर्जमाफी जाहीर झाली खरी, परंतु माफी ही सरकारच्या मर्जीची गोष्ट आहे, हक्काची नव्हे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठीही एक भाग आहे. २०१९ च्या डिसेंबरात तो अंमलात आला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता.