धुराड्यातून जाणारा पैसा

म्युनिकहून वोल्फ्रात्सहाउझेनकडे जाणाऱ्या एस-बानच्या वाटेवर होलरीगेल्सक्रॉइट नावाचे, उच्चारताना जीभ अडखळावी असे एक स्टेशन लागते. धातूच्या भट्ट्यांच्या इतिहासात या गावाला मान आहे. कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ साली म्युनिकमध्ये हवा द्रवरूप केली, १९०२ च्या सुमारास तिच्यातून प्राणवायू वेगळा काढला, आणि पुढे त्यांच्या कंपनीचे हे काम होलरीगेल्सक्रॉइटला वाढले. त्या प्राणवायूचा आणि भट्टीच्या इंधनाचा संबंध काय, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण आपल्यापैकी ज्यांचे भाऊबंद कोल्हापूरकडे फौंड्री चालवतात, त्यांना एक प्रश्न हमखास येतो: "तिकडे जर्मनीत काय वापरतात? कोणती भट्टी घेऊ?"

मुळात भट्टी फक्त धातू तापवत नाही. ती विटांच्या भिंती तापवते, उघड्या दारातून शेजारच्या कामगाराला तापवते, आणि सर्वांत जास्त म्हणजे धूर तापवते. वायू जाळणाऱ्या भट्टीतून धूर १००० अंश सेल्सिअसला बाहेर पडत असेल आणि आत येणारी हवा थंड असेल, तर इंधनातली जवळजवळ निम्मी उष्णता धुराड्यातून निघून जाते.

या धुरात असते काय? हवेचे सुमारे चार पंचमांश नायट्रोजन. मिथेनचा एक भाग जाळायला प्राणवायूचे दोन भाग लागतात, पण ते हवेतून घेतले तर सोबत साडेसात भाग नायट्रोजन येतो. तो जळत नाही. फुकट तापतो आणि निघून जातो. लग्नाला एकाला बोलवावे आणि त्याच्याबरोबर चौघे जेवून जावेत, तसला प्रकार. हवेने जाळल्यास धूर साडेदहा भाग होतो, शुद्ध प्राणवायूने जाळल्यास तीनच भाग. धूर कमी, म्हणून वाया जाणारी उष्णता कमी, म्हणून इंधन कमी.

दुसरा मार्ग याहून जुना आहे. बाहेर जाणाऱ्या धुरानेच आत येणारी हवा तापवायची. फ्रेडरिक सीमेन्स यांनी १८५६ साली याचे पेटंट घेतले. आजही हा उपाय बहुधा सर्वांत लवकर पैसे परत करतो.

मग सरळ प्राणवायूच का घेऊ नये? तो काढायला वीज लागते. शिवाय ज्योत फार तापते. दारांच्या फटींतून हवा आत शिरली तर तिच्यातल्या नायट्रोजनची घातक ऑक्साइडे तयार होतात. फटी न बुजवता प्राणवायू विकत घेणे म्हणजे गळक्या हंड्यात दूध ओतणे. आणि इंधनात कार्बन असेल तोवर कार्बन डायऑक्साइड घटतो, संपत नाही. स्वीडनमध्ये होफोर्स येथे २०२० साली लिंडे आणि ओवाको या कंपन्यांनी पोलाद तापवण्यासाठी हायड्रोजन जाळून पाहिला, तो याच कारणाने.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या लहान फौंड्रीचे गणित वेगळे आहे. तिथे कुपोला असेल तर कोक जळून झालेला कार्बन डायऑक्साइड वर जाताना तापलेल्या कोकशी पुन्हा संयोग पावतो, विषारी कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि उष्णता खातो. यावर साधी युक्ती आहे: तेवढीच हवा एका रांगेऐवजी, साधारण मीटरभर अंतरावरच्या दोन रांगांच्या तोट्यांतून द्यायची. वरची हवा तो वायू जाळते. कोकची बचत साधारण २० ते ३० टक्के होते. टेरी संस्थेने स्विस विकास-सहकार्य संस्थेच्या मदतीने असा कुपोला १९९८ साली हावड्याला चालवून दाखवला.

विजेची इंडक्शन भट्टी घेतली की धूर गेला, असेही समजू नये. महाराष्ट्राची बरीच वीज कोळशावर होते. धूर उद्यमनगरातून कोराडीला किंवा परळीला जातो. एक टन लोखंड वितळवून ओतण्याजोगे तापवायला तत्त्वतः सुमारे ४०० युनिट पुरतात. प्रत्यक्षात ५५० ते ७०० लागतात. हा फरक झाकण उघडे ठेवण्यात, गंजलेले, मातीने भरलेले भंगार टाकण्यात आणि साचे तयार नसताना वितळलेला रस धरून ठेवण्यात बराचसा जातो.

मी आज्ञावली लिहिणारा माणूस, पण एवढे कळते की जे मोजले नाही त्यावर नियंत्रण बसवता येत नाही. म्हणून घरून पुन्हा तो प्रश्न आला, तर यंत्राचे नाव सांगण्याआधी आपणच विचारावे: टनाला कोक किंवा युनिट किती लागतात? धुराचे तापमान किती, त्यात उरलेला प्राणवायू किती? दार दिवसातून किती वेळ उघडे असते? ही उत्तरे मिळेपर्यंत कर्ज काढून नवी भट्टी घेऊ नका, असे सांगणे हाच खरा आपुलकीचा सल्ला.