मोबाईलची कंपनी बदलण्यापूर्वी रेंजची पाहणी

जुलै 2024 च्या आरंभी जिओ, एअरटेल व व्होडाफोन-आयडिया ह्या तिन्ही खाजगी कंपन्यांनी आपले दर वाढविले. तेव्हापासून ठाणे, कल्याण व डोंबिवली ह्या टापूतील पुष्कळ कुटुंबांत एकच प्रश्न चर्चिला जात आहे. तो हा की, जुना क्रमांक कायम ठेवून स्वस्त कंपनीकडे का जाऊ नये? प्रश्न वाजवी आहे. ज्या घरी पूर्वी एकही दूरध्वनी नसे तेथे आज चार-पाच सिमकार्डे चालतात, आणि त्या प्रत्येकाचा रिचार्ज बहुधा 28 दिवसांचा असतो. 28 दिवसांचा महिना धरिला म्हणजे वर्षाचे हप्ते बारा न होता तेरा होतात, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या हिशेबात येत नाही. समजा, आज एका कार्डास 300 रुपये पडतात व दुसऱ्या कंपनीत 230 रुपयांत भागते. तर तेरा हप्त्यांचे एका कार्डामागे 910 रुपये, आणि चार कार्डांमागे 3,640 रुपये वाचतात. एवढी रक्कम कोणासही सोडावीशी वाटणार नाही.

परंतु ही बचत खरी ठरण्यास एक अट आहे. नव्या कंपनीची रेंज आपण जेथे वावरतो तेथे मिळाली पाहिजे. ती न मिळाली तर काय होते, ते आधी सांगणे जरूर आहे. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय आपल्या देशात 20 जानेवारी 2011 पासून सर्वत्र सुरू झाली, आणि 3 जुलै 2015 पासून एका परिमंडळातून दुसऱ्या परिमंडळात जातानाही तोच क्रमांक ठेवता येऊ लागला. तथापि 16 डिसेंबर 2019 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे, ज्या कंपनीत आपण आहोत तेथे 90 दिवस पूर्ण झाल्याखेरीज दुसरीकडे जाण्याचा संकेतांक मिळत नाही. म्हणजे आज घाईने बदल केला व उद्या घरात फोन लागेनासा झाला, तरी तीन महिने तेथेच काढणे भाग पडते. त्या तीन महिन्यांत बँकेचा ओटीपी, आधारची पडताळणी, पी. एम. किसानची ई-केवायसी, ही सर्व कामे त्याच क्रमांकावर अडकून राहतात. शेतकऱ्यास हे अधिकच जाचक होते, कारण ई-पीक पाहणी 2021 साली सुरू झाल्यापासून पिकाची नोंद करण्यास मोबाईल हाती घेऊन प्रत्यक्ष शेतातच उभे राहावे लागते.

दुकानदारास विचारावे तर तो म्हणतो, "सगळीकडे फुल रेंज आहे." शेजाऱ्यास विचारावे तर तो आपल्या घरातील अनुभव सांगतो, तो खोटा नसतो, पण त्याचे घर तिसऱ्या मजल्यावर पश्चिमाभिमुख असते आणि आपले तळमजल्यावर, दोन इमारतींच्या मध्ये. आमच्या मते ह्या विषयातील मुख्य मुद्दा हाच आहे. रेंज ही गावाची नसते, जागेची असते. आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली असल्यामुळे आम्हांस हे पीक पाहणीसारखे वाटते. चावडीत बसून सर्व शिवाराचे पीक एकसारखे लिहून टाकता येत नाही, आणि पैसेवारी ठरविताना सुद्धा निवडक शेतांत जाऊन प्रत्यक्ष कापणी करून पाहावी लागते. मोबाईलचेही तसेच आहे.

आता रेंज कमी-जास्त का होते ते पाहू. टॉवरपासून निघणाऱ्या लहरी अंतराने क्षीण होतात, आणि भिंत, डोंगर व दाट झाडी ह्यांनी अडतात. 700 ते 900 मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यातील लहरी दूर जातात व भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. 1800, 2300 किंवा त्याहून वरच्या पट्ट्यातील लहरी माल अधिक वाहतात, पण त्यांची धाव आखूड असते. कोणत्या कंपनीपाशी कोणता पट्टा किती आहे हे परिमंडळागणिक निराळे असते, कारण लिलावच परिमंडळवार होतात. ठाणे व कल्याण-डोंबिवली ही मुंबई परिमंडळात मोडतात. माळशेज चढून जुन्नरकडे गेले की महाराष्ट्र व गोवा हे वेगळे परिमंडळ लागते. ज्यांचे घर डोंबिवलीस व जमीन घाटावर, त्यांनी एका ठिकाणच्या अनुभवावरून दुसऱ्या ठिकाणचे अनुमान मुळीच काढू नये. ठाण्यात घोडबंदर मार्गास येऊरच्या डोंगराची, आणि कळवा-मुंब्र्याकडे पारसिकच्या डोंगराची आड येते, हे तेथील रहिवाशांस सांगावयास नको. 1916 साली खुल्या झालेल्या, सुमारे 1.3 किलोमीटर लांबीच्या पारसिक बोगद्यात बोलणे तुटले तर मात्र त्याचा बोल कोणत्याही कंपनीस लावण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण गर्दीचे. फोनवर रेंजच्या चारही कांड्या दिसतात, तरी पैसे पाठविण्याचे चक्र फिरतच राहते, हा अनुभव सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान डोंबिवली स्थानकाच्या फलाटावर हमखास येतो. येथे लहरी पोचलेल्या असतात, परंतु एकाच टॉवरवर हजारो माणसांची मागणी एकदम पडलेली असते. पाटाच्या मुखाशी पाणी भरपूर दिसावे आणि सर्वांनी एकाच वेळी बारे फोडल्यामुळे शेवटच्या शेतात धारही पोचू नये, तसा हा प्रकार होय. म्हणून दुपारी दोन वाजता घेतलेली परीक्षा अपुरी समजावी.

पाहणीची पहिली पायरी फुकटची आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2024 साली केलेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीस आपली सेवा कोठे आहे हे दाखविणारे नकाशे स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. ते पाहावेत, परंतु नकाशा हा घराबाहेरच्या मोकळ्या जागेचा अंदाज असतो, घराच्या आतील खोलीचा नव्हे. नकाशात जेथे सेवा नाही तेथे ती नाही असे खुशाल समजावे. जेथे आहे असे दाखविले आहे तेथे तपासून पाहावे. ह्याहून उपयुक्त युक्ती आपल्याच फोनमध्ये आहे. सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्कच्या सदराखाली नेटवर्क आपोआप निवडण्याची सोय क्षणभर बंद करावी, म्हणजे फोन आसमंतात शोध घेऊन त्या जागी पोचणाऱ्या सर्व कंपन्यांची नावे दाखवितो. नव्या कंपनीचे कार्ड नसताही हे कळते. एक-दोन मिनिटे लागतात व तेवढा वेळ आपला फोन बंद राहतो. काम झाल्यावर ती सोय पुन्हा चालू करण्यास विसरू नये. तसेच आपल्या कार्डाची रेंज गेली असता पडद्यावर फक्त आपत्कालीन फोन करता येईल असे दिसले, तर तेथे दुसऱ्या कोणत्या तरी कंपनीची रेंज आहे असे समजावे. 112 हा क्रमांक मिळेल त्या जाळ्यावरून लागतो.

नाव दिसले म्हणजे काम झाले असे नाही. लहरींचा जोर किती, हे पाहण्यास नव्या कंपनीचे एक वेगळे कार्ड, वेगळ्या क्रमांकाचे, घेणे हाच खरा उपाय होय. आपला जुना क्रमांक तूर्त जेथे आहे तेथेच राहू द्यावा. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये दोन कार्डांची जागा असते; नवे कार्ड दुसऱ्या जागेत घालून सर्वांत लहान रिचार्ज करावा. वर दिलेल्या उदाहरणात हा खर्च 230 रुपये, म्हणजे एका कार्डाच्या वर्षाच्या बचतीचा सुमारे चौथा हिस्सा होतो. घरात चार कार्डे बदलावयाची असली तरी परीक्षेस एकच कार्ड पुरते.

हे कार्ड घेताना आपले नाव-गाव व आधार नीट लागते. एका व्यक्तीच्या नावे सर्वसाधारणपणे नऊपेक्षा अधिक कार्डे असता कामा नयेत, आणि स्थानकाबाहेर छत्री उभारून बसलेल्या विक्रेत्याकडे अंगठा एकदा उमटला नाही म्हणून दोन-तीनदा देणे धोक्याचे असते. त्या ठशावर दुसरेच कार्ड चालू केल्याचे प्रकार घडलेले आहेत. शक्य तर कंपनीच्या दुकानातच जावे. परीक्षेचा क्रमांक बँकेस, आधारास किंवा अन्य कोणत्याही दप्तरी देऊ नये, कारण तो पुढे बंद पडला म्हणजे काही काळाने दुसऱ्या इसमास दिला जातो.

मोजणी कशी करावी? फोनवरील कांड्यांवर भिस्त ठेवू नये. एका बनावटीच्या फोनमध्ये ज्या रेंजला तीन कांड्या दिसतात तिलाच दुसऱ्यात दोन दिसतात. अँड्रॉइड फोनमध्ये फोनच्या माहितीच्या सदरात सिमची स्थिती पाहिली असता लहरींचा जोर डीबीएम ह्या मापात आढळतो. हा आकडा उणे असतो, म्हणून तो कर्जासारखा वाचावा. उणे 85 हे उणे 110 पेक्षा चांगले. 4जी सेवेत उणे 90 च्या आसपास असल्यास निर्धास्त राहावे, उणे 105 पासून पुढे कुरबुर सुरू होते, आणि उणे 115 च्या पुढे घरात बोलणे तुटू लागते. येथे दहाचा फरक म्हणजे दहापट होय, हे ध्यानात ठेवावे. उणे 90 व उणे 110 ह्यांत शंभरपट अंतर आहे.

ह्यासाठी एक साधी वही घालावी. तारीख, वेळ, ठिकाण, आत की बाहेर, डीबीएमचा आकडा, गेलेला फोन लागला की नाही, आलेला फोन वाजला की नाही, बोलणे तुटले काय, इतके रकाने पुरेत. आलेल्या फोनचा रकाना कोणी गाळू नये. आपण केलेला फोन लागतो, पण बाहेरून करणाऱ्यास मात्र बंद असल्याचे सांगितले जाते, असे कमजोर रेंजच्या जागी होते, आणि ते आपल्यास कळतही नाही. म्हणून घरच्या कोणास तरी ठरलेल्या वेळी नव्या क्रमांकावर फोन करावयास सांगून ठेवावे. ठिकाणे आपल्या वहिवाटीची घ्यावीत. निजावयाची खोली, गोठा, विहिरीजवळची पंपाची खोली, बाजार समितीचे आवार, बँक, आणि मुलगा किंवा सून ठाण्यास नोकरीला असेल तर रोजची गाडी. प्रत्येक ठिकाणी सकाळची गर्दी, रात्री आठ-नऊचा सुमार व एक रविवार इतक्या नोंदी असाव्यात. रिचार्जच्या मुदतीत एखादा दिवस वीज गेलेली सापडली तर सोन्याहून पिवळे. टॉवरची बॅटरी किती तास तग धरते हे त्या दिवशीच कळते. आपल्याकडे पावसाळ्यात रेंज जाते ती पावसाच्या धारांमुळे क्वचित, आणि वीज खंडित झाल्यामुळे अधिक वेळा.

परीक्षेच्या वेळी घरचे वाय-फाय बंद ठेवावे. नाही तर फोन वाय-फायवरून लागतो आणि रेंज उत्तम असल्याचा भास होतो. इंटरनेटही नव्या कार्डावरच लावून ठेवावे. शिवाय ज्या फोनमध्ये कार्ड पुढे कायम राहणार त्याच फोनमध्ये परीक्षा घ्यावी, कारण जुन्या काही फोनमध्ये 4जी एकाच जागेत चालते.

शेतकऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. विहिरीवरील मोटार घरबसल्या चालू-बंद करणारा जो मोबाईल स्टार्टर असतो, त्यातही एक सिम असते, आणि ही यंत्रे पुष्कळदा फक्त 2जी वर चालणारी असतात. वडीलधाऱ्यांचे बटणांचे साधे फोनही बहुधा त्याच वर्गातले. जिओचे जाळे आरंभापासून 4जी चे असून त्यात 2जी नाही. तेव्हा असे कार्ड तिकडे नेल्यास स्टार्टर मुका होतो, मग रेंज कितीही चांगली असो. बीएसएनएलने सप्टेंबर 2025 मध्ये स्वदेशी बनावटीची 4जी सेवा देशभर जाहीर केली व तिचे दर पुष्कळांस परवडणारे आहेत. तेथेही आपल्या जागी 4जी मिळते की जुनी सेवाच मिळते हे वहीत वेगळे लिहावे. घरातील सर्व कार्डे एकाच कंपनीकडे असावीत असा आग्रह आम्हांस तरी पटत नाही. एक कार्ड दुसऱ्या कंपनीचे राहिले तर अडचणीच्या दिवशी तेच उपयोगी पडते.

वहीवरून नवी कंपनी पसंत पडल्यास पुढील कृती थोडकी आहे. जुन्या कार्डावरून, इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा अंकी क्रमांक, असा संदेश 1900 वर पाठवावा. उत्तरादाखल आठ अक्षरांचा संकेतांक येतो. आपल्या भागात तो चार दिवस चालतो. तो फोनवर कोणी मागितल्यास देऊ नये, नव्या कंपनीच्या दुकानात स्वतः जाऊन द्यावा. तेथे निराळे कार्ड मिळते. परीक्षेचे कार्ड ह्या कामी येत नाही. परिमंडळातल्या परिमंडळात बदल तीन कामाच्या दिवसांत होतो, परिमंडळ बदलत असल्यास पाच दिवस धरावेत. जुन्या रिचार्जची उरलेली मुदत व शिल्लक बुडते, म्हणून ती संपत आली असता अर्ज करावा. पोस्टपेडचे बिल थकलेले असल्यास संकेतांकच मिळत नाही. जुने कार्ड हरवून किंवा बिघडून नुकतेच बदलून घेतले असेल, तर जुलै 2024 पासून त्यानंतर सात दिवस संकेतांक दिला जात नाही. बदलाच्या दिवशी काही तास फोन मुका राहतो आणि बँकेचे संदेश उशिरा येऊ शकतात. त्या दिवशी पीककर्जाचा हप्ता भरणे, बियाण्याचे पैसे पाठविणे अशी कामे ठेवू नयेत.