मुद्दा आणि दाखला : वक्तृत्वातील मांडणीचा विचार

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या महाविद्यालयात खेड्यांतून येणाऱ्या मुलींपुढे एक अडचण उभी राहिली. वेळापत्रक बदलले आणि संध्याकाळची बस पाऊण तास आधी सुटू लागली. त्यामुळे मुलींचा शेवटचा तास बुडू लागला. त्याच सुमारास एका कार्यक्रमासाठी परिवहन खात्याचे एक अधिकारी येणार होते. त्यांच्यापुढे हे गाऱ्हाणे मांडण्यासाठी आम्ही आमच्या सर्वोत्तम वक्त्याला उभे केले. वक्तृत्व स्पर्धांमधून ढाली जिंकून आणणारा हा विद्यार्थी दहा मिनिटे बोलला. स्त्री-शिक्षणाचे महत्त्व, सावित्रीबाई फुले व फातिमा शेख यांचे कार्य, चार शेर, दोन सुभाषिते असा सारा थाट होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. अधिकाऱ्यांनी त्याची पाठ थोपटली, ‘मुलगा छान बोलतो’ म्हणाले आणि निघून गेले. बसचा उल्लेख भाषणात एकदाच आला होता, तोही अगदी शेवटी. वेळापत्रक तसेच राहिले आणि त्या सत्रात एका मुलीचे शिक्षण सुटले.

दोष त्या विद्यार्थ्याचा नव्हता. आम्हीच त्याला तसे बोलायला शिकवले होते. उच्चार, हावभाव, आवाजाचे चढउतार यांवर आपण मेहनत घेतो. पण मुद्दे कसे रचावेत आणि प्रत्येक मुद्द्याला आधार कसा द्यावा, हे क्वचितच शिकवतो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा विचार करावयाचा आहे.

१. शब्दांतच दडलेला धडा

मराठीतील ‘मुद्दा’ हा शब्द अरबीतील ‘मुद्दआ’ या शब्दापासून आला आहे. मुद्दआ म्हणजे ज्याचा दावा केला आहे ती गोष्ट. न्यायालयात दावा करणाऱ्यास उर्दूत ‘मुद्दई’ म्हणतात, तो याच कुळातला शब्द. ‘दाखला’ हा शब्दही ‘दाखिल’वरून मराठीत आला. मराठीत त्याला दोन अर्थ मिळाले : उदाहरण आणि प्रमाणपत्र. पुढच्या शाळेत नाव दाखल करताना शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. भाषणातही नेमके हेच घडते. मुद्दा म्हणजे वक्त्याचा दावा. दाखल्यावाचून तो श्रोत्याच्या मनात दाखल होत नाही.

यावरून भाषणाच्या तयारीत दोन प्रश्न निर्माण होतात. पहिला, मला नेमके काय म्हणायचे आहे? दुसरा, ते कशावरून? आपल्या घरांतली वडीलधारी माणसे ‘कशावरून रे?’ असे सहज विचारतात. वक्तृत्वाचे अर्धे शास्त्र या एका प्रश्नात आहे.

२. मांडणीच्या आपल्या परंपरा

मांडणी ही परक्या पुस्तकातून शिकण्याची गोष्ट आहे असे मानण्याचे कारण नाही. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात कीर्तनकार एक पद निवडून त्यातील विचाराचे निरूपण करतो आणि उत्तररंगात त्या विचाराला साजेसे आख्यान लावतो. म्हणजे आधी सिद्धान्त, मग त्याचा विस्तृत दाखला. आख्यान कितीही रंगले तरी ते पूर्वरंगातील विचाराशी बांधलेले असते. हा बंध तुटला तर कीर्तन उरत नाही, नुसती गोष्ट उरते.

उर्दूच्या वर्गात आपण कसीदा शिकवतो. त्याचे परंपरागत भाग तश्बीब, गुरेज, मदह आणि दुआ. तश्बीबमध्ये कवी वसंत ऋतूचे किंवा प्रेमाचे वर्णन करतो आणि मदहमध्ये ज्याची स्तुती करायची त्याच्याकडे येतो. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे गुरेज. तो सहज साधला की नाही, यावर कवीचे कौशल्य जोखले जाते. आपल्या विद्यार्थ्यांच्या भाषणात नेमकी गुरेज नसते. ‘आता मी दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो’ एवढे म्हणून ते उडी मारतात. पहिल्या मुद्द्यातून दुसरा का निघाला, हे श्रोत्याला कळत नाही.

३. एक नमुना : २५ नोव्हेंबर १९४९

मांडणी आणि आधार या दोन्ही दृष्टींनी वर्गात अभ्यासावे असे एक भाषण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, संविधान स्वीकृत झाले.

त्या वेळी एक टीका होत होती की, संविधान सभेने फार वेळ घेतला. या टीकेला उत्तर देताना आंबेडकरांनी आवाज चढवला नाही, हिशेब मांडला. सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली होती. तेव्हापासून २ वर्षे, ११ महिने व १७ दिवस लागले, हे त्यांनी प्रथम सांगितले. नंतर तुलना केली. अमेरिकेचे काम मे ते सप्टेंबर १७८७ या चार महिन्यांत संपले, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष लागले, कॅनडाला २ वर्षे ५ महिने आणि ऑस्ट्रेलियाला ९ वर्षे. अमेरिका व दक्षिण आफ्रिका यांच्यापेक्षा आपल्याला अधिक वेळ लागला, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. आपल्या विरुद्ध जाणारी वस्तुस्थिती वक्त्याने स्वतःहून सांगितली की श्रोत्याचा विश्वास वाढतो.

पण ते तेथे थांबले नाहीत. अमेरिकेच्या संविधानात ७ कलमे, ऑस्ट्रेलियाच्या १२८, कॅनडाच्या १४७, दक्षिण आफ्रिकेच्या १५३, तर आपल्या संविधानात ३९५ कलमे होती. शिवाय त्या देशांच्या सभांना दुरुस्त्यांचा प्रश्न सोडवावा लागला नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आता ‘वेळ फार लागला’ हे विधान श्रोत्याला वेगळे दिसू लागते. आकडा एकटा बोलत नाही. शेजारी दुसरा आकडा ठेवला की तो बोलू लागतो.

टीकेला उत्तरे देऊन झाल्यावर आपण येथे थांबू शकलो असतो, पण देशाच्या भवितव्याच्या विचाराने मन भरून आले आहे, अशा आशयाचे सांगून ते पुढच्या भागाकडे वळतात. ही खरी गुरेज. कामाच्या हिशेबाकडून भविष्याच्या चिंतेकडे श्रोता अलगद नेला जातो. या भागात ते तीन इशारे देतात. पहिला, सामाजिक व आर्थिक उद्दिष्टांसाठी सनदशीर मार्गच धरावा. दुसरा, कितीही थोर व्यक्ती असली तरी आपले स्वातंत्र्य तिच्या चरणी वाहू नये. तिसरा, केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नये, तिला सामाजिक लोकशाहीची जोड द्यावी.

या तिन्हींचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिला इशारा नागरिकांच्या मार्गाविषयी, दुसरा त्यांच्या वृत्तीविषयी, तिसरा समाजाच्या पायाविषयी. विचार पायरीपायरीने खोल जातो आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी येऊन अधिक जागा घेते. दुसऱ्या इशाऱ्याला ते जॉन स्टुअर्ट मिल व आयर्लंडचे डॅनियल ओकॉनेल यांची साक्ष देतात. तिसऱ्याला २६ जानेवारी १९५० या येऊ घातलेल्या दिवसाचा आधार देतात. त्या दिवशी राजकारणात प्रत्येकाच्या मताचे मोल समान होणार होते. सामाजिक व आर्थिक जीवनात मात्र विषमता कायम राहणार होती. श्रोत्यांच्या समोर उभ्या असलेल्या तारखेहून प्रभावी दाखला कोणता असणार?

४. दाखल्यांची पारख

या एका भाषणात आकडे, तुलना, अधिकारी व्यक्तीचे मत आणि प्रत्यक्ष परिस्थिती असे चार प्रकारचे आधार दिसतात. यांखेरीज स्वतःचा अनुभव व दृष्टांत हेही आधारच आहेत. मात्र प्रत्येकाची ताकद वेगळी असते. अनुभव मनाला भिडतो, पण एकाचा अनुभव सर्वांना लागू पडेलच असे नाही. आकडा व्याप्ती दाखवतो, पण कोरडा असतो. म्हणून एका मुद्द्याला शक्यतो एक आकडा आणि एक अनुभव अशी जोडी द्यावी.

शेराविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण उर्दूच्या विद्यार्थ्यांचा तो हळवा विषय असतो. शेर भाषणाचे सौंदर्य वाढवतो, श्रोत्याचे मन मोकळे करतो. पण तो काही सिद्ध करत नाही. शेर हा दागिना आहे, दाखला नव्हे. त्यातही गालिब व इकबाल यांच्या नावावर भलतेच शेर खपवले जातात. मोबाइलवर आलेली आकडेवारी आणि थोरांच्या नावे फिरणारी वचने यांचीही तीच गत. जे मूळ ठिकाणी पाहिले नाही ते व्यासपीठावरून सांगू नये, ही शिस्त पहिल्या वर्षापासूनच लावावी. न पडताळलेली गोष्ट पुढे पसरवणे हे आपल्या दीनी तालमीतही दोषास्पदच मानले आहे.

५. वर्गात करता येण्याजोगे

(अ) एक वाक्य : भाषण लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने ‘श्रोत्याने माझे ऐकून काय मानावे किंवा काय करावे’ हे एका वाक्यात लिहावे. ते जमत नसेल तर भाषण अजून तयार नाही असे समजावे.

(आ) चिठ्ठ्या : प्रत्येक मुद्दा एका चिठ्ठीवर व प्रत्येक दाखला वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीवर लिहून बाकावर मांडावेत. दाखल्याविना उरलेला मुद्दा आणि मुद्द्याविना उरलेला दाखला ताबडतोब नजरेस पडतो. नंतर चिठ्ठ्यांचा क्रम बदलून पाहावा. तीन मुद्दे पुरेत. सहा मुद्दे असतील तर श्रोत्याच्या हाती एकही लागत नाही.

(इ) ‘कशावरून?’ : भाषण चालू असताना वर्गातील दोघांनी हा प्रश्न विचारण्यासाठी हात वर करावा. वक्त्याने थांबून उत्तर द्यावे. सुरुवातीला मुले गोंधळतात, पण चार-पाच तासिकांत सरावतात.

(ई) गुणदान : परीक्षकांच्या गुणपत्रिकेत उच्चार व हावभाव यांच्याइतकेच गुण मांडणी व आधार यांना ठेवावेत. ज्याला गुण असतात तेच विद्यार्थी शिकतात, हे आपणा शिक्षकांहून अधिक कोण जाणतो?

समारोप

बसची हकीकत तेथे संपली नाही. पुढच्या सत्रात ते अधिकारी पुन्हा आले. या वेळी स्पर्धेत कधी भाग न घेतलेली एक विद्यार्थिनी उभी राहिली. आधीचे आठ दिवस वर्गाने हजेरीपट तपासून माहिती जमवली होती. ती चार मिनिटे बोलली. बस कोणत्या वेळी सुटावी, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितले. मग त्या मार्गावरच्या एकोणीस मुलींची शेवटच्या तासाची हजेरी वेळापत्रक बदलण्यापूर्वी किती होती व नंतर किती, हे वाचून दाखवले. शेवटी शिक्षण सुटलेल्या मैत्रिणीविषयी दोन वाक्ये बोलून ती बसली. टाळ्या थोड्याच पडल्या. पण अधिकाऱ्यांनी खिशातून वही काढली, आकडे लिहून घेतले आणि दोन प्रश्न विचारले. महिनाभरात बसची वेळ अर्ध्या तासाने पुढे गेली. मागितले होते त्याहून ते कमीच होते, पण शेवटचा तास मुलींना मिळू लागला.

शिक्षण सुटलेली मुलगी मात्र परत आली नाही. पहिल्याच वेळी आम्ही नीट मांडले असते तर कदाचित ती राहिली असती, ही रुखरुख मनात आहे. आपले विद्यार्थी उद्या पालक म्हणून, नगरसेवक म्हणून, संस्थेचे सभासद म्हणून कोठे ना कोठे उभे राहून बोलणार आहेत. त्यांच्या बोलण्यावर कोणाचा तरी शेवटचा तास अवलंबून असेल. त्यांना टाळी मिळवायला आपण शिकवलेच आहे. आता दाखला द्यायलाही शिकवू या.