वस्तीतला तरुण गेला. मागे राहिलेल्यांना कोण सांभाळणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वस्तीत २४ वर्षांचा एक तरुण विजेच्या धक्क्याने गेला. घर गळत होते म्हणून तो पत्र्यावर ताडपत्री टाकायला चढला. मीटरकडून येणारी वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती, त्यामुळे ओल्या पत्र्यात करंट उतरला होता. वाचवायला धावलेल्या धाकट्या भावालाही झटका बसला, पण तो बचावला. वस्ती चाळीस-पन्नास घरांची. प्रत्येक घरातले कुणीतरी गेल्यासारखे झाले.

पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती आली. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिले, अनित्यतेवर बोलले. मग लोक आपापल्या कामाला लागले. आम्ही आरोग्य कार्यकर्त्या मात्र पुढे दोन महिने त्या घरी जात राहिलो. खरे आजारपण तेव्हा दिसले.

दुःख शरीरावर उतरते

आईने बीपीच्या गोळ्या सोडल्या होत्या. "आता कुणासाठी खाऊ?" एवढेच ती म्हणायची. अंगावर पिणारे बाळ असलेल्या सुनेचे दूध कमी झाले होते, कारण तिच्या पोटात अन्नच जात नव्हते. भाऊ रात्र रात्र जागा राहायचा. "आधी मेन स्विच बंद केला असता तर," हे एकच वाक्य त्याच्या तोंडी. कट्ट्यावरचे मित्र रोज संध्याकाळी दारू प्यायला लागले होते.

अशा घरी बोलून सांत्वन करण्यापेक्षा काम वाटून घ्यावे. एका शेजारणीने सासूला रोज गोळी द्यावी, महिन्यातून एकदा बीपी तपासून आणावे. बाळाच्या आईला जेवणाचे ताट समोर बसून खायला घालावे, पाणी द्यावे, बाळाला वारंवार पाजायला लावावे. पाजत राहिले की दूध पुन्हा वाढते. झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेले राहिले किंवा कुणी "मलाही जगायचे नाही" म्हणाले तर त्याला एकटे सोडू नये, सरकारी दवाखान्यात न्यावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येते, मराठीतही.

आणि एक गोष्ट ठामपणे थांबवावी. "सुनेचा पायगुण," असे त्या घरात एक म्हातारी बोलून गेली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे शब्द शोभत नाहीत. त्या मुलीचे बांगड्या-कुंकू ओढण्यापेक्षा तिच्या हाताला काम आणि बाळाला अंगणवाडी मिळवून द्यावी.

पुरुषांनी रडू नये, असेही आपल्याकडे म्हणतात. बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरे गमावली. १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेब पार खचले होते, आणि ते त्यांनी मित्राला पत्रात मोकळेपणाने लिहिले. मग आपल्या पोरांनी दुःख दारूत का बुडवावे? त्यांना बोलू द्या, रडू द्या.

"त्याची वेळ आली होती" म्हणू नका

तथागतांनी किसा गोतमीला मृत्यू कुणालाच चुकला नाही हे दाखवले. पण कारणाशिवाय काही घडत नाही, हीही धम्माचीच शिकवण आहे. इथे कारण सोललेली वायर होती. ते नशिबावर ढकलले तर वायर तशीच राहते आणि पुढच्या पावसात दुसरे घर रडते.

म्हणून हे प्रत्येक घराने पाठ करावे:

१. करंट लागलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करा. हाय टेन्शनच्या तारेजवळ मात्र अजिबात जाऊ नका; वीज कंपनीला फोन करून पुरवठा बंद करायला लावा.

२. १०८ ला फोन करा. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर त्याला सपाट जमिनीवर उताणे झोपवा. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटीमीटर खोल दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. दमलात की दुसऱ्याने घ्यावे.

३. मातीत पुरणे, तळपाय चोळणे, तोंडात पाणी घालणे यात मोलाची मिनिटे जातात.

४. झटका बसून वाचलेला माणूस ठणठणीत दिसला तरी दवाखान्यात न्या. हृदयाचे ठोके बिघडलेले असू शकतात.

कागद सोडू नका

शवविच्छेदनाला घरचे नको म्हणतात. माया आड येते. पण पंचनामा आणि शवविच्छेदन नसेल तर भरपाई मागताना हात रिकामे राहतात. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ मध्ये अशा अपघाताच्या चौकशीची तरतूद आहे. विद्युत निरीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

वर्षावासात आपण विहारात धम्मग्रंथाच्या वाचनाला जमतोच. त्यातल्या एका रविवारी अर्धा तास छाती दाबण्याचा सराव ठेवा. जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला बोलवा. त्याच दिवशी तरुणांनी वायरमन सोबत घेऊन घरोघरच्या वायरी पाहाव्यात. करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी स्विच एकट्याला परवडत नसेल तर वर्गणी काढून बसवा, आणि सुरुवात म्हातारी माणसे व लहान लेकरे असलेल्या घरांपासून करा.