विजयी कोणास म्हणावें ?

मतमोजणी संपते, गुलाल उधळला जातो, ढोल वाजूं लागतात. आणि त्या गलबल्यांत ‘जिंकला कोण?’ असें विचारण्याची गरज कोणासहि भासत नाहीं. परंतु तोच निकाल संगणकावरील कोष्टकांत भरावयास जो मनुष्य बसतो, त्याच्यापुढें हा प्रश्न निराळ्याच रूपानें उभा राहातो. त्याच्या कोष्टकांत मतदारसंघ, उमेदवार, पक्ष, मतें असे रकाने असतात आणि शेवटीं ‘विजयी’ असा एक लहानसा रकाना असतो. आधींच्या रकान्यांतील गोष्टी घडलेल्या असतात. या शेवटच्या रकान्यांत मात्र कोणीतरी कोणत्यातरी नियमानें काढलेला निष्कर्ष लिहावा लागतो. तो नियम आधीं ठरविला नाहीं, तर शंभर नोंदी बिनचूक उतरतात आणि एकशेंएकावी तोंडघशीं पाडते. वर्तमानपत्रांतील चूक दुसऱ्या दिवशीं रद्दींत जाते. या कोष्टकांवरून मात्र हल्लीं यंत्रें उत्तरें देतात, आणि शाळकरी मुलापासून संपादकापर्यंत सर्व जण तीं फारशी शंका न घेतां स्वीकारतात.

‘ज्यास सर्वांत अधिक मतें तो विजयी’ ही व्याख्या कोणासहि प्रथम सुचेल. २०२४ सालच्या लोकसभेच्या निवडणुकींत सुरत येथें ती पहिल्याच पावलास अडखळली. तेथें प्रमुख विरोधी उमेदवाराचा अर्ज छाननींत बाद झाला, उरलेल्यांनीं आपले अर्ज मागें घेतले आणि भारतीय जनता पक्षाचे मुकेश दलाल हे बिनविरोध निवडून आल्याचें २२ एप्रिल रोजीं जाहीर झालें. मतदान झालेंच नाहीं. अशा वेळीं मतांच्या रकान्यांत शून्य लिहिलें, तर मतदान होऊनहि कोणीं मत दिलें नाहीं असा त्याचा अर्थ होईल. तो रकाना रिकामाच राहिला पाहिजे. ‘शून्य’ आणि ‘नाहीं’ यांतील भेद यंत्रास आपण होऊन कळत नसतो. मतें समसमान पडलीं म्हणजे तर गंमतच होते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याचें ६५ वें कलम सांगतें कीं, चिठ्ठी टाकावी आणि ज्याचें नांव निघेल त्यास एक अधिक मत मिळालें असें मानावें. कोणींहि न दिलेलें हें मत बेरजेंत धरावें कीं न धरावें ? धरलें तर बेरीज चुकते, न धरलें तर विजयाचें कारण दिसत नाहीं. मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकींत एका प्रभागाचा निर्णय असाच चिठ्ठीनें झाला होता. तेव्हां ‘निर्णयाची रीत’ असा एक स्वतंत्र रकाना हवा, हें उघड आहे.

अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकींत ‘मतें’ म्हणजे कोणाचीं मतें, हेंच आधीं ठरवावें लागतें. तेथें जनता निर्वाचक निवडते आणि ते ५३८ निर्वाचक अध्यक्ष निवडतात. २०१६ सालीं हिलरी क्लिंटन यांस डोनाल्ड ट्रम्प यांच्याहून सुमारें २८ लाख ७० हजार लोकमतें अधिक पडलीं. पण निर्वाचक निवडून आले ते ट्रम्प यांचे ३०६ आणि क्लिंटन यांचे २३२. पुढें १९ डिसेंबर रोजीं या निर्वाचकांनीं प्रत्यक्ष मतें दिलीं, तेव्हां सात जणांनीं भलत्याच नांवांस मत दिलें आणि आंकडे ३०४ व २२७ असे झाले. ज्या कोष्टकांत ३०६ आहे तें आणि ज्यांत ३०४ आहे तें, दोन्ही आपापल्या जागीं खरीं आहेत. चूक होते ती कोणत्या दिवसाचा आंकडा हें न लिहिल्यामुळें.

महाराष्ट्रास याहून मोठें उदाहरण घरांतच सांपडतें. २०१९ सालची विधानसभेची निवडणूक कोणीं जिंकली ? २८८ पैकीं १०५ जागा मिळवून भारतीय जनता पक्ष सर्वांत मोठा ठरला. निवडणुकीपूर्वींची युति पाहावी, तर त्या १०५ आणि शिवसेनेच्या ५६ जागा मिळून स्पष्ट बहुमत होतें. देवेंद्र फडणवीस यांनीं २३ नोव्हेंबर रोजीं मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि २६ तारखेस राजीनामा दिला. २८ नोव्हेंबर रोजीं शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस व काँग्रेस यांच्या आघाडीचे मुख्यमंत्री म्हणून उद्धव ठाकरे अधिकारारूढ झाले. ‘जो मुख्यमंत्री झाला तो विजयी’ असा नियम कोष्टकास घातला, तर उमेदवारांच्या यादींत ज्यांचें नांवच नाहीं ते त्या निवडणुकीचे विजयी ठरतात. कारण ठाकरे त्या निवडणुकींत कोठूनहि उभे नव्हते. वस्तुतः कायद्याच्या दृष्टीनें ‘महाराष्ट्राची’ अशी एक निवडणूक झालीच नव्हती, २८८ निवडणुका झाल्या. राज्याच्या ओळींत जागांची संख्या लिहावी, पद कोणास मिळालें तें पदांच्या कोष्टकांत लिहावें, आणि ‘विजयी’ हा शब्द मतदारसंघापुरता राखून ठेवावा, हेंच श्रेयस्कर.

मतदारसंघापुरती व्याख्या कायद्यानें करून ठेविलीच आहे. निर्वाचन अधिकारी ज्यास निवडून आल्याचें जाहीर करतो तो विजयी, आणि जाहीर केल्याचा दिवस तोच निवडणुकीचा दिवस. ही व्याख्या चांगली आहे. पण शेवटची नाहीं. त्या दिवसापासून ४५ दिवसांच्या आंत उच्च न्यायालयांत अर्ज करतां येतो, आणि तेथें जाहीर झालेला निकाल फिरूं शकतो.

रायबरेलीचें प्रकरण या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. १९७१ सालीं तेथून इंदिरा गांधी १,८३,३०९ मतें मिळवून निवडून आल्या. राजनारायण यांस ७१,४९९ मतें मिळालीं. राजनारायण न्यायालयांत गेले. १२ जून १९७५ रोजीं अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति जगमोहनलाल सिन्हा यांनीं ती निवडणूक रद्द ठरविली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयांतून त्या निकालास अटींसह स्थगिति मिळाली. पुढें निवडणुकीचा कायदाच पूर्वलक्षी प्रभावानें बदलण्यांत आला आणि ७ नोव्हेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें इंदिरा गांधींची निवड कायम केली. आतां, १२ जूनला ‘विजयी’ या रकान्यांत काय लिहावयाचें ? राजनारायण असें लिहितां येत नाहीं. निवडणूक रद्द होणें निराळें आणि दुसरा उमेदवार निवडून आल्याचें न्यायालयानें ठरविणें निराळें. जुनें नांव खोडावें, तर चार वर्षें त्या कोण म्हणून लोकसभेंत बसल्या ? येथें कायदा कोष्टक भरणारापेक्षां शहाणा आहे. निवड रद्द झाली तरी त्यापूर्वीं त्या सभासदानें सभागृहांत केलेलीं कामें निरर्थक ठरत नाहींत, असें त्याचें १०७ वें कलम म्हणतें. म्हणून नांव खोडूं नये. घोषणा, रद्द, स्थगिति, कायम अशा चार नोंदी आपापल्या तारखांसह एकाखालीं एक राहाव्या, म्हणजे विचारणारानें ज्या दिवसाविषयीं विचारावें त्या दिवसाचें उत्तर निघतें.

२०१२ सालीं सुरू झालेल्या विकिडेटा या सार्वजनिक माहितीकोशांत ‘उमेदवार’, ‘यशस्वी उमेदवार’ आणि ‘भूषविलेलें पद’ हे गुण वेगवेगळे ठेविले आहेत, तें यासाठींच. २०२४ सालीं राहुल गांधी वायनाड व रायबरेली अशा दोन्ही ठिकाणांहून निवडून आले आणि त्यांनीं वायनाडची जागा सोडली. यशस्वी उमेदवार म्हणून त्यांचें नांव दोन ओळींत येतें, सभासद म्हणून एकदांच. विजयी नांवें मोजून सभासदांची संख्या काढणारास एक सभासद अधिक सांपडतो. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पोटनिवडणूक होऊन वायनाडहून प्रियंका गांधी निवडून आल्या. त्यांची नोंद जुन्या ओळींत बसवावयाची नाहीं. ती निवडणूक निराळी, म्हणून ओळहि निराळी.