सातबारा कोणाच्या नावावर?

1951च्या निर्वासित करारात घराबद्दल (कलम 21) आणि मालमत्तेबद्दल (कलम 13) निर्वासितांना शब्द दिला आहे, पण हात राखून. इतर परदेशी माणसाला जे मिळतं, त्याहून कमी मिळू नये, एवढंच. म्हणजे यजमान देश परदेशी माणसाला जमीन देत नसेल, तर निर्वासितही कोरडाच! भारताने तर या करारावर सहीच केलेली नाही.

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथल्या कुटुंबांनी शेती केली, घरं बांधली, नातवंडं वाढवली. जमीन मात्र सरकारचीच. 2014च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात राज्यांनी अशा वसाहतींच्या जमिनीचा 20 वर्षांचा, किंवा रद्द होईपर्यंतचा भाडेपट्टा करून द्यावा, असं म्हटलं आहे. त्यातलं ‘रद्द होईपर्यंत’ हेच खरं दुखणं.

पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांचं गणित वेगळं. दीर्घ मुदतीचा व्हिसा हाती असेल, तर परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या 2019च्या नियमांनुसार त्यांना राहायला एक घर आणि धंद्यासाठी एक जागा विकत घेता येते. लष्करी छावणी किंवा संरक्षित क्षेत्राच्या आसपास मात्र नाही.

लेबनॉनमध्ये दार आणखी घट्ट लावलेलं आहे. 2001च्या दुरुस्तीनंतर, मान्यताप्राप्त देशाचं नागरिकत्व नसलेल्याला तिथे घर घेता येत नाही. कायद्यात तिथल्या पॅलेस्टिनी निर्वासितांचं नाव नाही. रोख मात्र त्यांच्यावरच. बापाने आधी घेतलेलं घरही मुलांच्या नावावर चढत नाही.