देव राजी कशाने होतो?





सातपुड्याच्या पाड्यांवर काम करताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. नव्याने विश्वासात आलेली एखादी आजी उपासना संपल्यावर जवळ येते आणि हळूच विचारते, "दादा, या देवाला काय द्यायचं? काय दिलं म्हणजे तो राजी राहील?" ती हे थट्टेने विचारत नाही. घरातले मूल तापाने फणफणले की आधी कोणाचा कोप झाला हे शोधायचे, मग कोंबडे की बोकड ते ठरवायचे आणि हातात पैसा नसेल तर उसनवारी करायची, असे तिने आयुष्यभर पाहिलेले असते. तिच्यासाठी हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

शहरातील मंडळ्यांमध्ये जातो तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत भेटतो. "भाऊ, मी एकही रविवार चुकवला नाही, दशांश दिला, उपास केले, तरी मुलाला नोकरी का लागत नाही?" इथे कोंबड्याच्या जागी दशांश आला, एवढाच फरक. दोघांच्याही मनात देव म्हणजे हिशोब मांडून बसलेला सावकार आहे. आपण भरणा करायचा, तो पावती देणार. भरणा कमी पडला, तर तो रागावणार.

या अंकात मी याच प्रश्नाचा विचार आपल्यापुढे ठेवीत आहे, कारण आपल्या सेवेचे सारे काम त्याच्या उत्तरावर उभे आहे.

वचन काय शिकवते?

इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायातील सहावे वचन आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. विश्वास नसेल तर देवाला संतोषविणे शक्यच नाही, असे ते सांगते. पण त्याच वचनाचा पुढचा भाग आपण घाईने वाचतो. देवाकडे येणाऱ्याने दोन गोष्टी मानायच्या आहेत. एक, देव आहे. दोन, जे त्याला शोधतात त्यांना तो रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. पहिली गोष्ट मानणारे पुष्कळ आहेत. अडचण दुसरीत आहे, कारण ती देवाच्या स्वभावाविषयी आहे. तो देणारा आहे, असे मनापासून मानणे हाच त्याला संतोषविणारा विश्वास.

स्तोत्र १४७ हीच गोष्ट वेगळ्या रीतीने सांगते. घोड्याचे बळ किंवा माणसाच्या पायांतील जोर पाहून देव हरखून जात नाही. जे त्याचे भय धरतात आणि त्याच्या दयेची वाट पाहतात, त्यांच्यावर तो प्रसन्न असतो. म्हणजे आपले सामर्थ्य पाहून देव खूश होतो असे नाही. आपण त्याच्यावर टेकतो, हे त्याला आवडते.

प्रार्थनेच्या शेवटी आपण 'आमेन' म्हणतो. हा इब्री शब्द आहे आणि जुन्या करारातील 'विश्वास' या शब्दाशी त्याचे मूळ एकच आहे. भक्कम असणे, टिकून राहणे, असा त्या मुळाचा अर्थ. चढणीवर डोक्यावर मोळी घेऊन जाणारी बाई वाटेत थांबते आणि हातातल्या काठीवर भार टाकते. काठी भक्कम आहे याची खात्री असल्याशिवाय ती तसे करणार नाही. 'आमेन' म्हणणे म्हणजे आपला भार देवावर टाकणे होय.

टेकणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे

यावर कोणी म्हणेल, मग आपण काहीच करायचे नाही का? याचे उत्तर आमच्या भागातील शेतकरी देतो. मृगाच्या आधी, आभाळात ढगाचा पत्ता नसताना, तो धूळपेरणी करतो. घरात खाण्यासाठी ठेवलेल्या धान्यातून काढलेले बियाणे तो कोरड्या मातीत टाकतो. पाऊस पाडणे त्याच्या हातात नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. तरी तो नांगर टाकून घरी बसत नाही. मार्क ४ मध्ये प्रभू येशूने सांगितलेला दाखला असाच आहे. माणूस बी पेरतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसे रुजले, कसे वाढले हे त्याला कळतही नाही. पेरणे त्याचे, वाढविणे देवाचे. आपला वाटा न चुकवणे आणि देवाचा वाटा आपल्या डोक्यावर न घेणे, याला अवलंबून राहणे म्हणतात.

केडगावची साक्ष

आपल्याच महाराष्ट्रात याची एक मोठी साक्ष आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. अमेरिकेतील एका मंडळाने या कामाला दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. त्याच काळात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः तरुणपणी आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावली होती. उपासमार काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या.

मदतीची मुदत संपत आलेली आणि खाणारी तोंडे वाढलेली. व्यवहार पाहणाऱ्या माणसाने दार बंद केले असते. रमाबाईंनी जॉर्ज म्युलर यांच्या जीवनाविषयी वाचले होते. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात १८३६ साली म्युलर यांनी अनाथ मुलांसाठी पहिले घर उघडले आणि कोणा माणसाकडे पैसे न मागता केवळ प्रार्थनेच्या बळावर हयातभरात दहा हजारांहून अधिक मुलांचा सांभाळ केला. ते वाचून रमाबाईंच्या मनात प्रश्न उठला. हाच प्रभू भारतातही आहे, मग इथे त्याच्यावर तसाच भरवसा का ठेवता येऊ नये?

केडगावचे मुक्ती सदन त्या भरवशावर वाढले. १९०० च्या सुमारास, गुजरात व राजपुतान्यातील दुष्काळानंतर, तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पण मला आपले लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे वेधायचे आहे. मुक्ती सदनात हातमाग चालत, शेती होती, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. रमाबाईंनी स्वतः इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येईपर्यंत ते काम सोडले नाही. म्युलरही पैशापैशाचा जमाखर्च ठेवीत आणि दरवर्षी अहवाल छापीत. प्रार्थनेत गुडघे टेकणारी ही माणसे कामात आणि हिशोबात चोख होती. देवावर अवलंबून असणाऱ्याला ढिलाई शोभत नाही, कारण हातात आलेली प्रत्येक वस्तू ही त्याच्या मालकाची असते.

गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास का?

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. आमच्या एका पाड्यावरील तरुण बापाला टीबी झाला. सहा महिन्यांचे औषध सुरू झाले. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगात ताकद आली. एका रविवारी त्याने साक्ष दिली की प्रभूने मला बरे केले, आता मी गोळ्या बंद करणार, कारण गोळ्या घेत राहिलो तर माझा विश्वास खोटा ठरेल. मंडळीतील काहींनी आनंदाने टाळ्या वाजवल्या.

टीबीचे औषध मध्येच सोडले तर आजार उलटतो, आणि मग नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो. तो घरातील लेकरांनाही लागू शकतो. म्हणून मी त्याच्या घरी जाऊन बसलो आणि २ राजे २० वा अध्याय उघडला. हिज्कीया राजा मरणाच्या दारी होता. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली आणि बरे करण्याचे वचन दिले. त्यानंतर यशया संदेष्ट्याने काय सांगितले? अंजिरांचा लेप आणून गळवावर बांधा. वचन देवाचे होते, आणि लेपही त्याच देवाच्या संदेष्ट्याने सांगितला. पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता, हेही मी त्याला दाखवले. मग म्हणालो, "ही गोळी देवानेच तुझ्या हातात ठेवली आहे असे समज. घेताना 'आमेन' म्हण." तो हसला. त्याच्या बायकोने गोळ्यांची रिकामी पाकिटे पत्र्याच्या डब्यात जमवायला सुरुवात केली आणि सहा महिने पुरे होईपर्यंत ती मोजत राहिली. माझ्या मते ती मोजणीही एक प्रार्थनाच होती.

उत्तर आले नाही तर?

सर्वच घरांत शेवट असा होत नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की झोळीतून नेलेला आजारी जीव दवाखान्यापर्यंत पोचत नाही. अशा एका आईला नंतर कोणी तरी सांगितले, "तुझा विश्वास कमी पडला, म्हणून लेकरू गेले." बंधू-भगिनींनो, असे बोलणे आपल्या तोंडून कधीही निघू नये. कोंबडे कमी पडले, असे सांगण्यासारखेच ते आहे. त्याने देव पुन्हा सावकार होतो.

इब्री ११ शेवटपर्यंत वाचा. विश्वासाने काहींनी सिंहांची तोंडे बंद केली, काही तलवारीपासून वाचले. आणि त्याच विश्वासाने काही तलवारीने मारले गेले, काही मेंढरांची कातडी पांघरून रानावनात भटकले. लेखक या दोघांनाही एकाच रांगेत बसवतो आणि सर्वांच्या विश्वासाची वाखाणणी करतो. देवाला त्यांचा यशस्वी शेवट आवडला असे नाही. त्यांनी त्याचा हात सोडला नाही, हे त्याला आवडले. ती आई आजही उपासनेला येते. बराच काळ तिच्याकडून गाणे झाले नाही. ती मागे भिंतीला टेकून बसे, एवढेच. मला वाटते, देवाने ते टेकणेही विश्वास म्हणून मोजले.

आपल्यासाठी

म्हणून त्या आजीला मी जे उत्तर देतो तेच आपल्यालाही देतो. जे द्यायचे होते ते देवाने स्वतः वधस्तंभावर दिले आहे. आता त्याला राजी करण्यासाठी भरणा करायचा नाही, तर राजी असलेल्या बापाकडे लेकरासारखे यायचे आहे. आपण या सेवेसाठी जी देणगी पाठवता, ती देवाची मर्जी विकत घेण्यासाठी पाठवू नका. त्याने आधीच भरभरून दिले, त्या आनंदातून पाठवा. आणि देण्यासारखे काही नसेल तेव्हा संकोच न करता प्रार्थना पाठवा. आम्हाला दोन्हींची सारखीच गरज आहे.

या तिमाहीत पुढील विषयांसाठी प्रार्थना करावी, ही विनंती :

१. वेळेवर आणि पुरेसा पाऊस, व दुबार पेरणीचे संकट टळावे म्हणून.

२. टीबीचे औषध घेणाऱ्या सर्वांनी ते पूर्ण करावे म्हणून.

३. पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटांवरून जाणाऱ्या आरोग्यसेविका व सुवार्तिकांच्या संरक्षणासाठी.

४. ज्या घरांत यंदा मरण आले, त्यांना आपण उपदेश न करता सोबत द्यावी म्हणून.

प्रभूची कृपा आपणा सर्वांबरोबर असो. आमेन.

प्रभूच्या सेवेत आपला,
एक सहकारी